राजाईसेचं लग्न आणि आमच्या हंड्याचं ठिगळ

मुक्काम वाठोडा, तिवशाजवळ
श्रावण शुद्ध एकादशी, शके १७८६

सांगवीच्या थोर घराण्याचे कर्ते पुरुष, अकोल्याच्या बाजारात ज्यांचा शब्द चार माणसं ऐकतात ते केशवरावजी, यांच्या पायांवर जावई खुशालराव याचा दंडवत पोचावा. (जावयानं बायकोच्या भावाला दंडवत घालायची आपल्यात रीत नाही, हे मला समजतं. सतरा वर्षांत मी तुम्हाला नुसता रामराम घातला आणि तोही बंडीतून खाली न उतरता, हेही आठवतं. हे वाचून तुम्ही कौशल्यावहिनींकडे पाहून हसाल. हसा. घातलेला दंडवत मी परत घेत नाही, आणि तो काहून घातला ते पुढं येईलच.)

इकडे सगळं बरं आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? एरंडाचं तेल लावता की नाही? लावत जा, आणि लावून वर एरंडाचंच पान बांधत जा. गुडघा या श्रावणात धड राहिला पाहिजे, त्याचंही कारण पुढं येईल. भुरी म्हैस व्याली का? तुमची बहीण मनकर्णा बरी आहे. तुमची धाकटी बहीण जमुना हीसुद्धा बरी असावी. तिच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मधे एकच भिंत असल्यामुळे तिकडे काय शिजतं ते मला रोज कळतं, आणि अलीकडे रोज काहीतरी चांगलंच शिजतं.

तुम्ही माझ्यावर रागावला आहात असं मनकर्णा म्हणते. चैत्रात मी अकोल्याला आलो, दोन दिवस राहिलो आणि तुमच्या उंबऱ्याला पाय न लावता परतलो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच. खोटं कशाला बोलू, मी तुमच्या गल्लीत आलो होतो. कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत आलो. तिथून पाहिलं तर तुमच्या दारात चंद्रभानची बंडी सोडलेली, त्याचे ते दोन पांढरे बैल तुमचा कडबा खात उभे, आणि आतून मांड्यांचा वास येत होता. त्या झाडाखाली मी किती वेळ उभा राहिलो ते लिहीत नाही. कौशल्यावहिनींनी माझ्यासाठी मांडे शेवटचे कधी केले होते ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. मग धर्मशाळेत जाऊन फुटाणे खाल्ले.

चंद्रभान माझा चुलतभाऊ आणि तुमच्या जमुनेचा नवरा, तेव्हा त्याची ओळख मी तुम्हाला काय करून द्यावी. पण गेल्या तीन वर्षांतला चंद्रभान वेगळा आहे. समुद्रापल्याड कुठंतरी एकाच देशातले लोक आपसात लढून राहिले म्हणतात (म्हणजे तिकडेही भाऊबंदकी आहेच, ऐकून बरं वाटलं), आणि त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आपला वऱ्हाडी कापूस गोड लागायला लागला. कापूस माझ्याही शेतात पिकला. मी तो वेळेवर वेचला, वेळेवर विकला. चंद्रभान मुलखाचा आळशी. त्यानं बंड्या जुंपायचाच कंटाळा केला, त्याचा कापूस होळीपर्यंत घरात पडून राहिला, आणि होळीला भाव असा चढला की सगळा गाव त्याच्या अक्कलहुशारीची तारीफ करायला लागला. आता त्याच्या गोठ्यात काचेची हंडी टांगली आहे. बैलांच्या झुलींना आरसे आहेत. घरात एक घड्याळ आणलं आहे, ते चालत नाही पण वाजतं, आणि नेमकं माझ्या भिंतीला लागून वाजतं. लोक म्हणतात खुशालराव जळतो. मी जळत नाही, केशवरावजी. घड्याळ वाजलं की मला फक्त जेवण जात नाही.

तरी तेवढं मी गिळलं असतं. पण पाडव्याच्या दिवशी या माणसाला पूर्वज पाहिजे झाला. आमच्या गावाबाहेरची दगडी बारव तुम्ही पाहिली आहे, तीच ती, जिच्या पायऱ्यांवर तुमची घोडी अडखळली होती. ती राजाईसेनं बांधली. इलिचपुरात इमादशाही होती त्या काळातली ही मोठ्या घरची बाई, आमच्या घराण्यात सून होऊन आली. तेव्हा आमच्या घरात भाऊ दोन. थोरले सूर्यभानजी, त्यांच्या वंशात चंद्रभान. धाकटे नत्थुजी, त्यांच्या वंशात मी. राजाईसा या दोघांतल्या कुणाची बायको, हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली बैलजोडी काढायचा मान तर राजाईसेचा. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी एक साल थोरल्यांचं, एक साल धाकट्यांचं अशी पाळी लावून ठेवली आणि सुखानं मेले. मागच्या साली चंद्रभानचे बैल पुढं होते. यंदा पाळी माझी. माझ्या पवळ्याला मी माघापासून सरकी चारून राहिलो आहे, त्याच्या अंगावरून हात फिरवला तर हात घसरतो. आणि पाडव्याला, कडुलिंबाचा पाला तोंडात असताना, चंद्रभान पंचांसमोर म्हणाला की राजाईसा थोरल्यांची बायको, लेखी पुरावा त्याच्याजवळ आहे, तेव्हा आता पाळी बंद, मान कायमचा त्याच्या घरी. पंचांनी ठरवलं की पोळ्याच्या आधी दोघांनी आपापला पुरावा दाखवावा, ज्याची बायको त्याचा मान. जन्मभर त्या आरशांच्या झुलीमागून माझा पवळ्या चालणार, ही कल्पना करून पाहा. त्या आरशांत दर साली माझंच तोंड मला दिसलं असतं.

म्हणून राजाईसेचं लग्न शोधायला मी निघालो. पहिल्यांदा बारवेवरच्या लेखाकडे गेलो. शेंदराचा थर खरवडायला एक दिवस गेला. खाली अक्षरं निघाली. ‘राजाईसा’ हे नाव कालच कोरल्यासारखं स्वच्छ, त्यापुढं ‘भार्या’ हा शब्द, आणि त्याच्यापुढं जिथं नवऱ्याचं नाव असायला पाहिजे तिथं दगड झिजून ताटलीसारखा गुळगुळीत झालेला. कारण असं की आमच्या गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागेवर विळे पाजवतात. तिथं धार चांगली लागते. (मीही लहानपणापासून तिथंच पाजवत आलो आहे. आमच्या बाजूचं एखादं अक्षर माझ्या हातूनही गेलं असेल, पण चंद्रभानचे विळे जास्त.)

मग कुणीतरी सांगितलं की किसनजी भाटाच्या वहीत सगळ्या घराण्यांची लग्नं लिहिलेली असतात, आणि किसनजी अकोल्याला राहतो. म्हणून मी अकोल्याला आलो. वाटेवर कापसाच्या बंड्यांची अशी रांग लागली होती की मूर्तिजापुराच्या पुढं आगगाडीसाठी बांध घालून राहिले तिथं अर्धा दिवस एकाच जागी उभा होतो, पुढच्या बंडीच्या बैलाशी माझी चांगली ओळख झाली. किसनजीच्या डोक्यावर कोरा जरीचा पटका पाहिला आणि पोटात दुखलं, कारण तो पटका कोणी बांधला ते विचारायची गरजच नव्हती. त्याला म्हटलं, राजाईसेचं पान तेवढं काढ. तो म्हणाला, “मालक, वंश मंधातून सुरू होत नाही.” भाटाची रीत अशी की मूळपुरुषापासून सुरू करायचं, गळ्यावर सगळं म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं मधे तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वेळी मी शिंकलो. दुसऱ्या वेळी ‘पुढं काय’ म्हणालो. तिसऱ्या वेळी काहीच केलं नाही, पण त्याला वाटलं मी झोपलो, म्हणून त्यानं तपासायला थांबून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाची राजाईसा आली. तो म्हणाला, सांगवीच्या पाटलाची लेक राजाईसा, तिचे आजे अमुक, पणजे तमुक, बंधू अमुक. मी म्हटलं, माहेर राहू दे, नवऱ्याचं बोल. (सांगवी म्हटल्यावर तुमची आठवण झाली नाही असं नाही. पण तुमची आठवण झाली की मांडे आठवत होते.) त्यावर तो म्हणाला की नवरदेव गाविलगडावर चाकरीत अडकला होता, म्हणून त्यानं आपला खांडा, म्हणजे तलवार, पाठवून दिली आणि राजाईसेचं लग्न खांड्याशी लागलं. मोठ्या घरात तेव्हा असं चाले. खांडा दोघांतल्या कुणाचा, ते वहीत नाही. ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं आहे, त्यातला निम्मा पत्रा चंद्रभानकडं आहे आणि निम्मा माझ्याच घरात.

हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. आमच्या पणज्यांनी वाटण्या केल्या तेव्हा एकमेकांवर इतका विश्वास होता की प्रत्येक वस्तू मधोमध केली. जात्याची वरची तळी चंद्रभानकडं आहे, खालची माझ्याकडं, तेव्हापासून दोन्ही घरं शेजाऱ्यांकडून दळून आणतात. ताम्रपटावरही छिन्नी चालवली असेल यात नवल कसलं. परत येऊन दोन महिने मी माझा निम्मा पत्रा शोधला. माळा उतरवला, कणगी उपसली, देव उचलून देव्हाऱ्याखाली पाहिलं. नाही सापडला. आषाढात आंघोळीचं पाणी तापवायचा आमचा हंडा गळायला लागला, म्हणून खालून पाहावं म्हणून मी चुलीत डोकं घातलं, काजळी पुसली, तर ठिगळावर अक्षरं. आमच्या आजीनं फुटका हंडा सांधायला हाताशी आला तो पत्रा दिला होता. मनकर्णा मागून आली आणि म्हणाली, “काहून जी, आंघोळ करून राहिले का राख खाऊन राहिले?” मी बोटानं अक्षरं चाचपत होतो. वरची ओळ होती, ‘इचे लग्न खांड्यासी लागले’. तिच्याखाली होती, ‘मंडपी उभे धाकटे नत्थुजी’. त्याखालची ओळ तांबटानं ठिगळ सांधताना झाकून टाकली होती, पण मला तिची गरजच काय होती. माझा पूर्वज मंडपात उभा आहे, बाईचं लग्न लागून राहिलं आहे, आता मंडपात उभा राहतो तो नवरा नाही तर कोण? मी तसाच काळ्या तोंडानं चंद्रभानच्या ओट्यावर गेलो आणि सगळ्या आळीसमोर ओळ म्हणून दाखवली. त्यानं आतून शिसवी पेटी आणली (पेटीला चांदीचे कोपरे आहेत), मखमलीतून आपला निम्मा पत्रा काढला आणि थंडपणे वाचला, ‘खांडा थोरले सूर्यभानजीचा’.

केशवरावजी, तुमच्यापासून काय लपवू, त्या क्षणी मला कळलं. लग्न सूर्यभानजीचं. आमचा नत्थुजी नुसता भावाची तलवार धरून उभा होता, हात अवघडेपर्यंत. चंद्रभानचं घराणं तेव्हापासूनच आम्हाला उभं करून आपलं लग्न लावून घेतं. पण मी मान्य केलं नाही. म्हटलं, झाकलेली ओळ निघू दे, मग बोलू.

परवा आम्ही दोघं अमरावतीला तांबटाकडं गेलो. चंद्रभानचा माझ्यावर विश्वास नाही, माझा त्याच्यावर नाही, म्हणून एकाच बंडीत, पाठीला पाठ लावून. माझ्या मांडीवर हंडा, त्याच्या मांडीवर पेटी. बंडी त्याची होती, खाली गादी होती, आणि ती मऊ होती हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तांबटानं ठिगळ सोडवलं, चिंच लावून दोन्ही तुकडे घासले आणि ऐरणीवर जोडून ठेवले. अक्षर अक्षराला असं लागलं की मधली छिन्नीची रेघही दिसेना. वाचायला शेजारच्या दुकानातला कारकून बोलावला. पहिल्या ओळीत सांगवीच्या पाटलांची लेक राजाईसा, तिचं लग्न. दुसरीत सूर्यभानजीचा खांडा आणि आमचे उभे नत्थुजी. चंद्रभान मिशीवर हात फिरवायला लागला. मग कारकुनानं तिसरी ओळ वाचली. निम्मी चंद्रभानच्या पत्र्यावर, निम्मी माझ्या ठिगळाखालची. ‘पोळ्याची पहिली जोडी राजाईसेचे’, आणि पुढं, ‘माहेरच्या माणसाची’.

त्यानं दोनदा वाचलं. आम्ही तिसऱ्यांदा वाचायला लावलं. कारकुनानं अर्थ लावला तो असा: बारव तिनं आपल्या बापानं दिलेल्या धनातून बांधली, म्हणून गावानं तिच्या भावाला मान दिला, पोळ्याला तो सांगवीहून आपली जोडी घेऊन येईल. पुढं कधीतरी तो यायचा थांबला असेल, आणि आमच्या लोकांनी मान मोकळा पडलेला पाहून वाटून घेतला.

परतताना आम्ही पाठीला पाठ लावून बसलो नाही. चंद्रभाननं शिदोरी सोडली, मला निम्मी भाकर दिली, आणि कितीतरी वर्षांनी दादा म्हणून हाक मारली. मग म्हणाला, “पंचाईले सांगू, अक्षरं झिजली. पाळी आपली जशी होती तशीच राहू दे.” मी हो म्हटलं. बारवेची शपथ घेतली, दोघांनीही. सांगवी म्हणजे तुमचं घराणं, आणि तुम्हाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं पक्कं ठरलं.

म्हणून हे पत्र. कौशल्यावहिनींना नमस्कार, म्हशीची बातमी कळवा, गुडघ्याला जपा. तुमच्या पायांची धूळ, खुशालराव.

ता. क. मला मागायचं ते थोडंच आहे. पोळ्याला तुम्ही या. मान तुमचा आहे, तो तुम्ही घ्या, मी पंचांपुढं साक्ष देतो. फक्त येताना एकच बैल आणा. जोडीला दुसरा लागेल तो माझा पवळ्या, उजव्या अंगाला. एवढ्या लांबून दोन बैल चिखलातून आणायचा त्रास कशाला.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन येणाऱ्या बंडीवाल्याजवळ चंद्रभानचंही एक पत्र आहे. मला ते आत्ताच कळलं. त्यानं शपथ मोडली, असा हा माणूस. त्यातही एकच बैल आणा असं लिहिलेलं असणार. त्याचं ऐकू नका, आणि तो मांड्यांचं सामान पाठवील ते ठेवून घेऊ नका. निदान माझ्यासाठी निम्मं ठेवा.

ता. क. तिसरा. मनकर्णेनं पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. मधे एक-दोन जागा मी गाळल्या, त्या तिनं बरोबर ओळखल्या आणि पुन्हा वाचायला लावल्या. जमुनाही भिंतीपलीकडून ऐकत होती, आता इकडेच येऊन बसली आहे. मनकर्णा सांगते तसंच लिहितो, एकही शब्द माझा नाही: “दादा, दोन्ही बैल घेऊन ये. बारव आपल्या घरच्या लेकीनं बांधली. तिचा मान हे दोघं पाळीपाळीनं खाऊन राहिले, आन् वरून तिचा नवरा शोधून राहिले. तिले भाऊ होता, हे एकाच्याही ध्यानात नाही आलं. बारवेच्या दगडावरून नवऱ्याचं नाव पुसलं, तिचं नाही पुसलं, ते काही उगाच नाही. आमी दोघी तोरणापाशी उभ्या राहू.” हे सांगताना दोघींचे डोळे भरून आले होते. मला वाटतं, लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी या गावात आपलं काही आहे असं मनकर्णेला पहिल्यांदा वाटून राहिलं आहे. तेव्हा दोन्ही आणा.

ता. क. शेवटचा, हा मनकर्णेला वाचून दाखवला नाही. तुमची जोडी तोरणाखालून गेली की तिच्यामागं दुसरी जोडी कुणाची निघावी, याबद्दल पत्र्यावर काहीच लिहिलेलं नाही. हे ठरवायचा हक्कही माहेरच्याच माणसाचा असं माझं मत आहे. दंडवत त्यासाठी होता.